बांधकाम कायदा : मुलींसाठी एक दुर्लक्षित कार्यक्षेत्र

धुळे–सोलापूर महामार्गावरील वडीगोद्रीसारख्या गावात वकिली म्हटली की फौजदारी खटले आणि बांधाचे तंटे डोळ्यांसमोर येतात; परंतु गावाशेजारून जाणाऱ्या रस्त्याच्या निविदेपासून अंतिम देयकापर्यंत ज्या कायद्याचा अंमल चालतो, त्या बांधकाम कायद्याचा विचार पालक क्वचितच करतात. या नावाचा स्वतंत्र अधिनियम नाही. १८७२ चा करार अधिनियम, १९९६ चा लवाद व सलोखा अधिनियम, घरखरेदीदारांना परिचित असलेला २०१६ चा ‘रेरा’ आणि भूसंपादनाचे कायदे मिळून हे क्षेत्र बनते. राष्ट्रीय महामार्गात गेलेल्या जमिनीचा मोबदला मान्य नसेल, तर १९५६ च्या अधिनियमानुसार प्रकरण लवादाकडे, म्हणजे दोन्ही बाजू ऐकून निवाडा देणाऱ्या नियुक्त व्यक्तीकडे, नेता येते.

कंत्राटदार आणि शासकीय खाते यांच्यातील वाद बहुधा कागदावरच जिंकला किंवा हरला जातो. झालेल्या कामाची लांबी, रुंदी, खोली मोजमाप पुस्तिकेत, अर्थात कामावरच्या भाषेत ‘एमबी’त, नोंदली जाते आणि तिच्यावरूनच देयक निघते. जागेचा ताबा उशिरा मिळाला असताना मुदतवाढ नाकारून दंड कापला गेला, तर करार अधिनियमाच्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असून प्रत्यक्षात वाजवी भरपाईच देय ठरते, असा युक्तिवाद करता येतो. मात्र त्यासाठी ताबा मागणारे पत्र कोणत्या तारखेला आवक झाले, हे वकिलाला दाखवावे लागते.

हे कसब वर्गात येत नाही; ते जाणकार वरिष्ठांच्या सहवासातच येते, आणि काहींना तो घरातच लाभतो. लवाद कायद्यातील जाणकार इंदू मल्होत्रा २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात वरिष्ठ अधिवक्ता झाल्या, तेव्हा लीला सेठ यांच्यानंतर हा मान मिळालेल्या त्या दुसऱ्याच महिला होत्या. २०१८ मध्ये वकिलीतून थेट त्या न्यायालयाच्या न्यायाधीश होणाऱ्या तर त्या पहिल्याच महिला. त्यांचे वडील ओमप्रकाश मल्होत्रा हे स्वतः वरिष्ठ अधिवक्ता आणि लवाद कायद्यावरील ग्रंथाचे लेखक. असे घर ज्या मुलीला लाभले नाही, तिने नामांकित कार्यालयापेक्षा पत्रव्यवहाराची फाइल हाती देऊन तारखांचा तक्ता स्वतः करायला लावणारे, आणि सुनावणीला सोबत नेणारे, वरिष्ठ शोधणे अधिक शहाणपणाचे.

बारावीनंतर पाच वर्षांचा आणि पदवीनंतर तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम उपलब्ध असून त्यासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते, तर छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातील पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी ‘क्लॅट’. स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या मुलीने तीन वर्षांचा मार्ग धरल्यास नकाशे आणि मोजमापे तिला परकी राहत नाहीत. प्रारंभीची मिळकत तुटपुंजी असते, हे पालकांपासून लपवू नये. कनिष्ठ वकिलांना ग्रामीण भागात दरमहा किमान १५,००० आणि शहरी भागात २०,००० रुपये द्यावेत, असे भारतीय विधिज्ञ परिषदेने २०२४ मध्ये सुचविले असले, तरी ती शिफारस आहे, हुकूम नव्हे. म्हणून पालकांनी शिक्षणाच्या खर्चासोबतच वकिलीच्या पहिल्या तीन वर्षांच्या खर्चाचीही तजवीज आधीच करून ठेवावी.