घटना जिंकली, जमीन गेली

सिलिंगची, म्हणजे कमाल जमीनधारणेची, नोटीस आली तेव्हा आमचे थोरले काका तलाठ्याकडे गेलेच नाहीत. निघाले ते थेट मुंबईचा वकील गाठायला. ‘कायदाच रद्द करून आणतो,’ हा त्यांचा बाणा. कायदा जागचा हलला नाही. घरात असलेले कागद मात्र न्यायाधिकरणापुढे वेळेत गेले नाहीत आणि वरकड ठरलेली जमीन गेली.

या वाटेनं काकांच्या आधी बरेच मातब्बर गेले होते. जालंधरच्या गोलकनाथ कुटुंबाकडे 500 एकरांच्या वर जमीन. मूलभूत हक्कांना संसदेनं हात लावायचा नाही, असं 1967 साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्याच खटल्यात सांगितलं. पण ते पुढच्या काळापुरतं, त्यांनी आव्हान दिलेला पंजाबचा जमीन कायदा कायम! केरळातल्या एडनीर मठाच्या केशवानंद भारतींचा खटला 13 न्यायमूर्तींपुढे 68 दिवस चालला. 24 एप्रिल 1973 ला देशाला घटनेच्या मूलभूत चौकटीचं तत्त्व मिळालं, आणि केरळचा जमीन कायदाही टिकला. महाराष्ट्राच्या 1961 च्या सिलिंग कायद्यावर दत्तात्रय महाजन 1977 मध्ये, वामनराव 1980 मध्ये हरले.

खरी लढत तहसील कचेरीतल्या कागदांवर होते. बारमाही पाण्याच्या, दोन पिकांच्या जमिनीला मर्यादा 18 एकर. कोरडवाहूला बहुतेक जिल्ह्यांत 54. म्हणजे जिरायत रान चुकून बारमाही बागायतीत धरलं, तर एका एकराचे तीन एकर मोजले जातात. म्हणून सातबाऱ्यावरची पीकपाहणी वर्षवार काढावी, कालव्याचं पाणी कोणत्या गटाला मंजूर होतं ते पाटबंधारे खात्याकडून लेखी घ्यावं. पोटखराबा वजा झाला का, हेही पाहावं. घरात पाचांहून जास्त माणसं असतील, तर प्रत्येक वाढीव माणसामागे मर्यादेचा पाचवा हिस्सा मिळतो, दुपटीपर्यंत. अल्पवयीन मुलांच्या जन्मनोंदी इथे कामाला येतात. वाटणीपत्राची तारीख 26 सप्टेंबर 1970 नंतरची असेल, तर त्यावर फार भिस्त ठेवू नये.

निकाल विरुद्ध गेला तर महसूल न्यायाधिकरणात अपील आहे. तिथे मुदत चुकवू नये.

आणि आज जमीन घेणाऱ्यांसाठी: सिलिंगमध्ये वाटप झालेली जमीन भोगवटादार वर्ग 2 ची असते, कलेक्टरांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. जुने फेरफार वाचल्याखेरीज इसार देऊ नका.