यांत्रिक बोटीचे पॉवर स्टिअरिंग : बिघाड कसा ओळखावा?



पालघर आणि डहाणू तालुक्यांच्या किनारपट्टीवर अनेक कुटुंबांत एक भाऊ भातशेती किंवा वाडी पाहतो, तर दुसऱ्याचा बोटीत वाटा असतो. ज्याने पॉवर स्टिअरिंगचा ट्रॅक्टर चालविला आहे त्याला बोटीचे स्टिअरिंग समजण्यास अडचण पडू नये. तत्त्व एकच आहे. इंजिनवर पट्ट्याने फिरणारा पंप तेलाला दाब देतो. चाक ज्या बाजूला फिरवावे त्या बाजूच्या नळीत चाकाखालील व्हॉल्व्ह तेल सोडतो आणि बोटीच्या मागील भागातील सिलिंडरचा दट्ट्या सरकून सुकाणू वळते. फरक एवढाच की ट्रॅक्टर अडला तर बांधावर उभा राहतो. सातपाटी-मुरबे खाडी गाळाने उथळ झाल्यामुळे मोठ्या बोटींना भरतीच्या पाण्यावरच ये-जा करावी लागते. अशा वाटेत ओहोटी लागताना सुकाणू अडकले तर बोट गाळावर आडवी बसते आणि पुढील भरतीपर्यंत तिच्या एका कुशीवर सारा भार राहतो.

अजूनही बऱ्याच होड्यांवर सुकाणू हातदांड्याने किंवा चाक-साखळीने फिरते. हा लेख तेलाच्या दाबावर चालणाऱ्या स्टिअरिंगपुरता आहे.

चाक जड झाले की पहिला संशय पंपावर घेतला जातो आणि पंप उतरवून बोईसरला नेला जातो. पंप ही या जोडणीतील सर्वात महाग वस्तू असून ती सर्वात शेवटी उघडावी. त्याआधी दोष तेलाच्या बाजूला आहे की सुकाणूच्या बाजूला, याचा निकाल लावावा. त्यास एक साधी चाचणी पुरते.

बोट धक्क्याला संथ पाण्यात बांधलेली किंवा किनाऱ्यावर ओढलेली असावी. इंजिन बंद करावे. सिलिंडरची दांडी सुकाणूच्या आर्मला ज्या खिळीने जोडलेली असते ती खिळी काढावी आणि सुकाणू हाताने दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहावे. एका माणसाच्या जोराने ते फिरले पाहिजे. फिरत नसेल तर पंप निर्दोष समजावा आणि लक्ष सुकाणूकडे द्यावे. शाफ्ट वाकलेला असतो, जाळ्याचा दोर किंवा नायलॉनचा धागा गुंडाळलेला असतो, शिंपल्यांचा थर चढलेला असतो किंवा ग्रीस नसल्याने बुश कोरडा पडलेला असतो. नायलॉनचा बुश पाणी शोषून फुगतो. नवीन बसविताना फट फार कमी ठेवली असेल तर महिन्याभरात तो शाफ्ट धरू लागतो. आणखी एक कारण आपल्याच हातून घडते. ग्लँडमधून पाणी झिरपते म्हणून खलाशी नट आवळत जातो, आणि चार फेऱ्यांनंतर चाक जड झाले अशी तक्रार येते. तेथे नवीन पॅकिंग भरणे हाच उपाय आहे.

सुकाणू हाताने सहज फिरत असेल तर दोष तेलाच्या बाजूला आहे. मग बोटीची वागणूक बघावी.

इंजिन मंद चालताना चाक जड आणि वेग वाढविल्यावर हलके होत असेल तर पंपाकडून तेल कमी येत आहे. प्रथम पट्टा पाहावा. अंगठ्याने मध्यभागी दाबल्यास तो साधारण अर्धा इंच दबावा. जास्त दबल्यास तो घसरतो. त्यानंतर टाकीतील पातळी आणि फिल्टर पाहावा. हे सर्व ठीक असूनही तक्रार राहिली, तरच पंप झिजला असे म्हणता येईल.

चाक झटके देत फिरते, टाकीतील तेलावर फेस दिसतो आणि पंप कण्हल्यासारखा आवाज करतो, ही तेलात हवा शिरल्याची खूण होय. हवा बहुधा टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या नळीच्या सैल क्लिपातून ओढली जाते. तेथून तेल बाहेर गळत नाही, म्हणून ती जागा सुटून जाते. क्लिप आवळून टाकी भरावी, इंजिन मंद ठेवावे आणि चाक सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आठ-दहा वेळा फिरवावे. दुसऱ्या माणसाने टाकीवर लक्ष ठेवून बुडबुडे थांबेपर्यंत तेल घालत राहावे. टोकाला चाक दाबून धरू नये. त्याने रिलीफ व्हॉल्व्ह उघडून तेल तापते.

चाक स्थिर धरूनही सुकाणू हळूहळू सरकत असेल तर सिलिंडरच्या दट्ट्याचे सील आतून गळते आहे. बोट किंचित एका बाजूला ओढते एवढ्यावरून मात्र सील बदलू नये. एकाच पंख्याच्या बोटीत पंख्याच्या फिरण्याने थोडी ओढ येतेच.

तेल दुधासारखे पांढरट दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. वरून नवीन तेल घालून भागत नाही. खारे पाणी व्हॉल्व्ह आणि पंप आतून गंजविते. सर्व तेल काढावे, नवीन तेल फिरवून तेही काढून टाकावे, मग पुन्हा भरावे आणि पाणी कोठून आले ते शोधावे. बहुधा ते सिलिंडरच्या दांडीवरून येते. दांडीवर गंजाचे खड्डे पडले की प्रत्येक वळणाला सील कापले जाते. अशा दांडीवर नवे सील टिकणार नाही. दांडी पॉलिश कागदाने घासू नये, वरचा मुलामा जातो. गोड्या पाण्याने पुसून ग्रीसचा पातळ हात द्यावा. तेल बनविणाऱ्याने सांगितलेलेच वापरावे. टाकीत ब्रेक ऑइल कधीही घालू नये. त्याने हायड्रॉलिकची रबरी सीले फुगून निकामी होतात.

नळीतून बारीक चिरकांडी उडत असेल तर ती जागा बोटाने चाचपू नये. दाबाचे तेल कातडीतून आत शिरते आणि बाहेर फक्त सुईच्या टोकाएवढी खूण दिसते. पुठ्ठा धरून जागा शोधावी. तेल आत गेल्याचा संशय आला तरी वाट न पाहता दवाखाना गाठावा.

ही तपासणी १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात, बोट किनाऱ्यावर असताना करावी. नळ्या बदलायच्या असतील तर बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीच्या परिसरातून मापाच्या दाबून घ्याव्यात. क्लिपने बांधलेली नळी दाबाच्या बाजूला चालत नाही.

बोटीवर आणीबाणीचा हातदांडा असतो, परंतु तेल अडकलेल्या सिलिंडरला जोडलेले सुकाणू दांड्याने हलत नाही. आधी बायपास व्हॉल्व्ह उघडावा लागतो. तो नसेल तर वर सांगितलेली खिळी काढावी लागते. ही खिळी गंजून बसलेली असेल तर भर समुद्रात ती हातोड्यानेही निघत नाही. म्हणून पावसाळ्यात ती काढून ग्रीस लावून परत बसवावी, तांडेलाने आणि निदान एका खलाशाने दांडा प्रत्यक्ष चढवून पाहावा, आणि खिळीच्या मापाचा पाना मागील भागातच बांधून ठेवावा.