नववीचा उंबरठा



भातकापणी उरकली की जव्हार-मोखाड्यातली अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जगायला जातात. मुलेही सोबत निघतात आणि शाळा सुटते. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने दिलेले मोफत व सक्तीचे शिक्षण आठवीपर्यंतच आहे. त्यामुळे नववीचा उंबरठा अवघड.

माध्यमिक आश्रमशाळेत राहायची व जेवणाची सोय असते, म्हणून मूल गावी थांबू शकते. पण तेवढे पुरत नाही. घरी वारली किंवा कातकरी बोलणाऱ्या मुलाला पुष्कळदा गणित अडत नाही, गणितातली मराठी अडते, असे मी पाहते. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 8 मध्ये फिलिप्प रथात चढून कूशी अधिकाऱ्याशेजारी बसला व वाचलेले उलगडून सांगू लागला. असे शेजारी बसणारे शिक्षक हवेत. डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली, तीही याच वृत्तीने.

शिकून परिचारिका झालेली पाड्यावरची मुलगी आजारी म्हातारीशी तिच्याच बोलीत बोलते. आम्हा बाहेरच्यांना ते साधत नाही. हीच तिची परतफेड.

चिंतनासाठी: नववीतल्या एका मुलाशेजारी वर्षभर बसेल, असे आपल्या मंडळीत कोण आहे?