रानडुकराच्या मांसाविषयी

औरंगपुऱ्यात बाजारहाटास येणाऱ्या शेतकऱ्यास रानडुक्कर काय नासधूस करते हे सांगावयास नको. एका रात्रीत मक्याचे उभे पीक आडवे होते. मग कोणी जनावर पाडले व घरोघर वाटे गेले, तर ते मांस खावे काय?

वन्यजीव संरक्षणाच्या 1972 च्या कायद्याप्रमाणे परवानगीवाचून शिकार करणे हा गुन्हा आहे. वाटा घेणाराही त्यातून सुटत नाही. पिकाची भरपाई वनखात्याकडे मागावी.

पण पोटाची गोष्ट आणखी निराळी आहे. या मांसात ट्रिकिनेला नावाचे कृमी असू शकतात. ते नुसत्या डोळ्यांस दिसत नाहीत. मीठ लावल्याने, उन्हात वाळविल्याने किंवा धुरी दिल्याने ते खात्रीने मरत नाहीत. तुकड्याच्या गाभ्यापर्यंत 71 अंश सेल्सिअस उष्णता पोहोचली पाहिजे. बाहेरून करपलेला व आत तांबडा तुकडा विश्वासाचा नव्हे. रानात मेलेले सापडलेले जनावर तर कुत्र्यासही घालू नये.

असे मांस खाल्ल्यावर प्रथम जुलाब आणि एकदोन आठवड्यांनी ताप, स्नायूंत वेदना व पापण्यांस सूज आली, तर काय खाल्ले ते डॉक्टरांस स्पष्ट सांगावे. कायद्याच्या भीतीने रोगी गप्प राहिला, तर हा रोग त्यांच्या ध्यानात येणे कठीण.