ग्लॅडिओलसचे बेणे घ्यायचे, तर फुले उभी असताना बाग पाहा

ग्लॅडिओलसचे कंद निघतात उन्हाळ्यात, पण बेणे कोणाकडून घ्यायचे हे ठरवायची वेळ आत्ताची, वसंत पंचमी ते महाशिवरात्रीच्या दरम्यानची. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेले प्लॉट या दिवसांत फुलावर असतात. कंद एकदा सुकून गोणीत गेले, की ‘फुले गणेश’ कोणता आणि ‘फुले नीलरेखा’ कोणता हे विकणाऱ्यालाही नुसते पाहून सांगता येत नाही. तेव्हा ओळखीच्या बागायतदाराला फोन करा आणि सकाळी उन्हे चढायच्या आत त्याच्या बागेत पोहोचा.

जाताना चपला-बूट धुऊन जा, परत आल्यावरही धुवा. फ्युजारियम बुरशीमुळे येणारी मर कंदातून पसरते तशी मातीतूनही पसरते. आपल्या शेतातली माती दुसऱ्याच्या वाफ्यात नेणे हा पाहुणचाराचा भाग नव्हे!

यजमान आधी उत्तम वाफा दाखवणार, ते साहजिकच आहे. तो पाहून झाला की पाणी साचते त्या सखल कोपऱ्याकडे वळा. तिथे पाने टोकाकडून पिवळी पडलेली, झाडे खुरटलेली, दांडे वाकडे आलेले दिसले, तर एखादे झाड उपटून पाहायची परवानगी मागा. कंद कापल्यावर आत तपकिरी डाग निघाले, तर त्या प्लॉटचे बेणे फुकट मिळाले तरी घेऊ नका. पाकळ्यांवर रंगाचे तुटक फराटे असतील तर विषाणूची शंका धरा. पानांवर चंदेरी चट्टे म्हणजे फुलकिडे. त्यांचा बंदोबस्त होतो, तेवढ्यासाठी सौदा मोडायला नको.

माझ्या मते फुलांपेक्षा काढणी झालेले खुंट जास्त बोलतात. दांडा कापताना झाडावर ४ ते ५ पाने राखलेली असतील, तरच खालचा कंद पोसतो. बाजारात लांब दांड्याला भाव मिळतो म्हणून पुष्कळ जण अगदी बुडातून कापतात. त्यांची फुले सुंदर असतात, कंद मात्र लहान राहतात. तळाच्या एक-दोन कळ्यांनी रंग दाखवताच दांडा कापला जातोय का, हेही पाहून घ्या.

वाण पसंत पडला की त्या ओळींना रंगीत सुतळी बांधा आणि कंदकाढणीच्या दिवशी हजर राहण्याचे ठरवा. फुले काढल्यानंतर ६ ते ८ आठवड्यांनी, पाने पिवळी पडल्यावर कंद काढतात. निवडताना ४ सेंटिमीटरच्या वरचे, मध्ये उंच आणि भरदार कंद घ्यावेत. रुंद-चपटे जुने असतात. सोबतची बारीक पिल्ले स्वस्त मिळतात, पण त्यांना फुलायला एक-दोन हंगाम लागतात.

कंद सावलीत सुकवून, बुरशीनाशकाची प्रक्रिया करून, शीतगृहात ४ ते ५ अंश सेल्सिअसला ठेवावे लागतात. तिथली जागा आत्ताच बोलून ठेवा. घरात ठेवलेले कंद ऑक्टोबरपर्यंत थांबत नाहीत, पावसाळ्यातच कोंब टाकतात.