टोपीला नाव चिकटवण्याआधी

असीरगडाच्या पायथ्याशी जुन्या वस्तू विकणाऱ्याने सोला हॅट माझ्या हातात दिली ती गोष्टीसकट. सत्तावनच्या बंडात गडावर असलेल्या गोऱ्या कॅप्टनची म्हणे ही टोपी. आत शाईने लिहिलेली दोन इंग्रजी आद्याक्षरे होती, आणि तीच अक्षरे गडावरच्या कबरस्तानातल्या एका शिळेवरही आहेत, असे त्याने ठासून सांगितले. किंमतही कॅप्टनच्याच तोलाची!

अशा गोष्टीला माणूस भुलतो, कारण तिला जागेचा आधार असतो. इंग्रजांनी १८०३ मध्ये असीरगड शिंद्यांकडून घेतला, तहानंतर परत केला आणि एप्रिल १८१९ मध्ये वेढा घालून पुन्हा जिंकला. पुढे कितीतरी वर्षे तिथे त्यांची शिबंदी होती. पण म्हणून गडाखाली मिळालेली प्रत्येक टोपी साहेबाचीच कशी? आणि दोन अक्षरे जुळणारे नाव कुठल्याही कबरस्तानात सापडते. मेलेल्या माणसाच्या नावावर भलत्याची टोपी चढवणे मला अन्यायाचे वाटते, त्याच्यावरही आणि टोपीच्या खऱ्या धन्यावरही.

तेव्हा गोष्ट बाजूला ठेवावी आणि टोपी उलटी करून पाहावी. अस्तरावर मुंबईच्या एका दुकानाचा शिक्का होता. नाव झिजलेले, पण खाली ‘टेलिफोन’ आणि पुढे काही आकडे दिसत होते. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले १८८२ मध्ये, त्यामुळे कॅप्टन तिथेच निकालात निघाला. दुकानाचा पत्ताही असाच बोलतो. लंडनच्या हॉक्स कंपनीचा सॅव्हिल रोचा पत्ता असेल, तर टोपी १९१२ च्या आधीची नसते, कारण ती कंपनी तिथे गेलीच त्या वर्षी.

चामड्याच्या आतल्या पट्टीमागे कागदाची घडी होती. ती ओढून काढू नये, वाळलेले चामडे तडकते. बॅटरीच्या उजेडात देवनागरी अक्षरे दिसली. धोतरजोडीची जाहिरात, भाव रुपये-आण्यांत. म्हणजे नवे पैसे येण्याआधीचा, १९५७ पूर्वीचा कागद. टोपी घालणाऱ्याच्या घरी मराठी वर्तमानपत्र येत असावे, एवढेच त्यावरून म्हणावे.

विक्रेत्याने टोपी ओल्या फडक्याने पुसून उजळली होती. सोला म्हणजे बंगालकडच्या पाणथळीत वाढणाऱ्या झुडपाचा पांढरा, हलका गाभा. बंगाली नवरदेवाच्या डोक्यावरचे टोपोरही त्याचेच करतात. तो पाणी पितो, फुगतो आणि वाळताना आकार सोडतो. इथे तर तिसरे आद्याक्षर शाई पसरून कायमचे गेले होते. म्हणून मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटकावी, त्यापुढे हात लावू नये.

माल कुठल्या घरातून उचलला, हे मात्र खोदून खोदून विचारावे. उत्तर मिळाले बुऱ्हाणपूरच्या एका वाड्याचे. वाडा मोडताना अडगळ भंगारात गेली होती. तिथल्या नव्वदीला टेकलेल्या आजींपुढे मी टोपी ठेवली आणि गप्प बसलो. कॅप्टनची गोष्ट सांगितली नाही, कागदाचेही बोललो नाही. आपण बोललो की समोरचे माणूस आपलेच शब्द परत देते.

आजींनी टोपी उलटी केली, पट्टीखाली बोट घातले. “आहे की अजून! अहो दादा, ही आमच्या मामंजींची. रेल्वेत पीडब्ल्यूआय होते, रुळांचे इन्स्पेक्टर, खांडवा लाइनीवर. ट्रॉलीवरून हिंडायचे, उन्हातान्हात. आजेसासूबाई गेल्या तेव्हा डोकं केलं ना त्यांनी, मग टोपी डोळ्यांवर यायला लागली. सासूबाईंनी पेपर घालून दिला. मी नुकतीच लग्न होऊन आले होते. केस वाढले, तरी त्यांनी तो काढू दिला नाही.”

न विचारता त्यांचे बोट घडीपाशी गेले, हा मला सगळ्यात मोठा पुरावा वाटला. तरी आद्याक्षरे घरातल्या जुन्या कागदांशी ताडून पाहिली. दोन्ही जुळली, आणि पुसलेले तिसरे कोणते हेही कळले.

आजींचे बोलणे त्यांच्याच शब्दांत, तारखेसह वेगळ्या कार्डावर लिहिले. टोपीवर पेन्सिलही टेकवली नाही. टोपी परत हवी का, असे घरच्यांना विचारले. त्यांनी ती माझ्याकडेच ठेवायला सांगितले, फक्त नाव लावू नका म्हणाले. कार्डावर हुद्दा आहे, लाइन आहे आणि कागदाच्या घडीची हकीकत आहे. कॅप्टनची गोष्ट मागच्या बाजूला ‘विक्रेत्याचे म्हणणे’ म्हणून नोंदवली आहे, म्हणजे उद्या कुणी तीच पुन्हा सांगू लागला तर ती कुठून आली हे कळेल.