आता त्यालाच विचारा



योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाचे आईवडील परुश्यांना सांगतात की मुलगा वयात आला आहे, त्यालाच विचारा. भीतीपोटी ते असे अंग काढून घेतात. आज मात्र काही आईवडिलांना प्रेमापोटी हेच शब्द उच्चारवत नाहीत.

ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायूंचा जन्मजात आजार बहुतेक मुलग्यांनाच होतो. साधारण दहा ते तेरा वर्षांच्या सुमारास चालणे थांबते, पुढे श्वासाचे व हृदयाचे स्नायू दुबळे होतात. आजार आजही पूर्ण बरा होत नाही. पूर्वी ही मुले बहुधा विशीच्या आतच जात. आता स्टिरॉइड, हृदयाची औषधे आणि रात्री मास्क लावून श्वासाला मदत करणारे यंत्र यांमुळे अनेकजण तिशी गाठतात. मग एके दिवशी मुलांचे डॉक्टर सांगतात, "यापुढे मोठ्यांच्या विभागात दाखवा."

इथे घरचे गोंधळतात. लहानपणापासून ओळखणारा डॉक्टर सुटतो. छाती, हृदय, मज्जासंस्था, हाडे, प्रत्येकाची ओपीडी वेगळी आणि रांगही वेगळी. म्हणून बारा-चौदाव्या वर्षापासूनच तयारी करावी. जुन्या डॉक्टरांकडून औषधे, शेवटचा टू-डी इको, फुप्फुसांची तपासणी यांचा सारांश लिहून घ्यावा. त्यात दोन गोष्टी ठळक हव्यात: स्टिरॉइड अचानक बंद करायचे नाही, आणि भुलेची काही औषधे या रुग्णांना धोक्याची असतात. कॅज्युअल्टीत मध्यरात्री भेटणारा डॉक्टर अनोळखी असतो.

कागद जमवता येतात, बोलणे जमत नाही. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर उपचारांना संमती कायद्याने त्या तरुणाचीच लागते. चर्चचे म्हणणेही वेगळे नाही. कॅटेकिझमचा परिच्छेद २२७८ सांगतो की अती जड व निष्फळ उपचार नाकारणे म्हणजे जीव घेणे नव्हे, आणि रुग्ण समर्थ असेल तर निर्णय त्याने घ्यावा. आता, श्वासनलिकेला छिद्र पाडून यंत्र लावायचे का, हे त्याला न विचारता कोण ठरवणार? हा प्रश्न अतिदक्षता विभागाच्या दारात पहिल्यांदा निघू नये. "त्याला सांगू नका, तो खचेल," असे आई म्हणते. बहुतेक वेळा त्याला ठाऊक असते. आईला दुःख होईल म्हणून तोच गप्प असतो.

माझीही चूक सांगतो. पूर्वीच्या एका धर्मग्रामात मी अशा एका तरुणाला पवित्र कम्युनियन द्यायला जात असे. दर वेळी मी आईलाच विचारी, "कसा आहे हा?" एकदा तोच म्हणाला, "फादर, मी इथेच आहे." मी ओशाळलो. मग त्याला विचारले, तुझ्यासाठी काय मागू? तो म्हणाला, "रात्री यंत्राचा आवाज झाला की आई उठते. तिला झोप लागू दे." तत्त्वज्ञानाची पदवी घेऊनही मला हा साधा प्रश्न सुचायला दोन वर्षे लागली होती.

यापुढे पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांच्या भेटीला येईन तेव्हा अशा मुलांशी मी आधी बोलेन. आईबाबांनो, तेवढी दहा मिनिटे तुम्ही स्वयंपाकघरात चहा टाका.